पाण्याचा हिशेब

एखाद्याने फार उधळपट्टी केली, की आपण म्हणतो, 'त्याने पाण्यासारखा पैसा खर्च केला.' हा वाक्प्रचार ज्या काळात रूढ झाला त्या काळी पाणी ही हिशेब न ठेवण्याची वस्तू मानली जात असावी. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालणे हे पुण्यकर्म, तहानलेल्याला पाणी नाकारणे हे पाप, आणि पाण्याचे पैसे घेणे ही तर लाजिरवाणी गोष्ट, अशी आपल्या समाजाची धारणा होती. परंतु याच भाषेत 'आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' अशीही म्हण आहे. पाणपोई घालणाऱ्या समाजाला आडाची मर्यादाही ठाऊक होती. ही दुसरी जाणीव शहरात आल्यावर आपण विसरलो. याचे कारण उघड आहे. नळ फिरवला की पाणी येते, आणि आड कोठे आहे, त्यात किती पाणी उरले आहे, हे आपल्याला दिसत नाही.

हा न दिसणारा आड नागरिकांना दाखवून देण्याचे काम आज शहरांच्या पाणीपुरवठा संस्थांना करावे लागत आहे. त्यासाठी त्यांच्या हाती मुख्यतः दोन साधने आहेत : एक नियम आणि दुसरे शुल्क. कोणते पाणी कशासाठी वापरू नये हे नियम सांगतो. जास्त वापराल तर जास्त द्यावे लागेल असे शुल्क बजावते. या दोन साधनांमुळे पाणी खरोखर वाचते काय? आणि ती न्याय्य आहेत काय? या प्रश्नांचा विचार मी माझ्या डोळ्यांसमोरच्या उदाहरणावरून करणार आहे. ते उदाहरण म्हणजे बेंगळुरू शहरातील चामराजपेट हा भाग.

चामराजपेट ही १८९२ साली आखून वसवलेली वस्ती. जुन्या पेठेच्या पश्चिमेला सरळ समांतर रस्ते काढून तिची उभारणी झाली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला देण्यात आले. त्याच महाराजांच्या नावाने शहराच्या वायव्येस हेसरघट्टा येथे जलकेंद्र उभे राहिले आणि १८९६ सालापासून तेथले पाणी शहरात येऊ लागले. त्यापूर्वी हे गाव तलावांवर आणि विहिरींवर जगत असे. चामराजपेटच्या जवळचा केंपांबुधी तलाव हा त्याच जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष आहे. शहर वाढले तसे हेसरघट्ट्याचे पाणी पुरेनासे झाले. १९३३ साली अर्कावती नदीवर तिप्पगोंडनहळ्ळी येथे धरण बांधण्यात आले. पुढे तेही अपुरे पडले. १९६४ साली बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची स्थापना झाली आणि १९७४ साली कावेरी योजनेचा पहिला टप्पा पुरा होऊन दूरच्या कावेरीचे पाणी शहरात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्यातून शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी आणण्याची सोय झाली.

या इतिहासात एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. प्रत्येक पिढीने जवळचे पाणी सोडून अधिक दूरचे पाणी आणले. जवळचे तलाव बुजवले गेले किंवा सांडपाण्याने नासले. जुन्या धर्मांबुधी तलावाच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण. आड आपणच बुजवला आणि पोहऱ्याचा दोर मात्र लांबवत नेला. आज हा दोर सुमारे शंभर किलोमीटर लांब आहे.

आणि तो केवळ लांबच नाही, तर उभाही आहे. बेंगळुरू पठारावर वसले आहे. कावेरी त्या मानाने पुष्कळ खालून वाहते. त्यामुळे तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध केलेले पाणी तीन टप्प्यांत पंपाने उपसून सुमारे पाचशे मीटर उंच चढवावे लागते. रात्रंदिवस चालणाऱ्या या पंपांची वीज हा मंडळाच्या खर्चाचा एक मोठा भाग आहे. 'पाणी ही निसर्गाची देणगी आहे, मग तिचे पैसे कशाला?' असा प्रश्न काही जण विचारतात. त्याचे उत्तर असे, की कावेरीच्या काठावर जाऊन ओंजळीने पिणाऱ्याकडून कोणी पैसे मागत नाही. आपण जे देतो ते पाण्याचे मोल नसते. ते पाणी स्वच्छ करून, डोंगराएवढे चढवून, आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणून देण्याच्या श्रमाचे आणि विजेचे मोल असते.

शिवाय ही कावेरी एकट्या बेंगळुरूची नाही. मंड्याचा ऊस आणि भात तिच्यावर पोसतो. तमिळनाडूचा तंजावर प्रदेश तिच्यावर जगतो. दोन राज्यांतला वाद दीर्घकाळ चालला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल देताना बेंगळुरूच्या पिण्याच्या पाण्याची गरज मान्य करून त्यासाठी ४.७५ अब्ज घनफूट पाण्याची वाढ दिली. म्हणजे आपल्या नळाचे पाणी हे कोणाच्या तरी शेतात गेले असते असे पाणी आहे. ते सांडून टाकण्याचा हक्क पैसे भरले म्हणून आपल्याला मिळतो काय?

आता शुल्काकडे वळू. पाणीपट्टी दोन प्रकारे आकारता येते. एक प्रकार ठोक आकारणीचा. घराचा आकार किंवा मालमत्तेचे मूल्य पाहून वर्षाला ठरावीक रक्कम घ्यायची; मग कोणी शंभर लिटर वापरो वा हजार लिटर. पुण्यासारख्या शहरात घरगुती पाणीपट्टी दीर्घकाळ मालमत्ताकरासोबत अशाच रीतीने घेतली जात आली. या पद्धतीत काटकसर करणाऱ्याला काही लाभ नाही आणि उधळणाऱ्याला काही तोटा नाही. दुसरा प्रकार मीटरचा. त्यातही दर एकच न ठेवता तो टप्प्याटप्प्याने चढता ठेवला जातो. बेंगळुरूत ही चढत्या दरांची पद्धत आहे. २०१४ साली ठरलेल्या दरांप्रमाणे घरगुती ग्राहकाला महिन्याच्या पहिल्या ८ हजार लिटरना हजारी ७ रुपये, त्यापुढे २५ हजार लिटरपर्यंत हजारी ११ रुपये, ५० हजारांपर्यंत २६ रुपये आणि त्यापुढे ४५ रुपये असा आकार होता. जवळजवळ अकरा वर्षे हे दर बदलले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये ते वाढवण्यात आले. सर्वांत खालच्या टप्प्याला लिटरमागे ०.१५ पैसे, तर सर्वांत वरच्या टप्प्याला लिटरमागे १ पैसा अशी ही वाढ होती. आणि पुढे दर वर्षी ३ टक्के वाढ होईल असेही ठरले.

या पद्धतीमागील तत्त्व मला योग्य वाटते. पहिले काही हजार लिटर म्हणजे पिणे, स्वयंपाक, आंघोळ आणि स्वच्छता. ही माणसाची गरज आहे आणि गरजेचा दर कमीच असला पाहिजे. त्यानंतरचे पाणी सोयीचे, आणि त्याही पुढचे पाणी चैनीचे. गरज, सोय आणि चैन यांना एकच भाव लावणे हे समतेसारखे दिसले तरी तो अन्यायच होय.

दरवाढ झाली तेव्हा आमच्या गल्लीत मोठी नाराजी पसरली. मीही त्या नाराजीत सामील होते. सकाळी फुले आणायला बाहेर पडलेल्या चार जणी एकत्र आलो की बिलाचाच विषय निघे. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई एके दिवशी हे सारे ऐकत होत्या. त्या शहराच्या कडेला नव्याने वाढलेल्या एका वस्तीत राहतात. त्या म्हणाल्या, "अम्मा, तुमच्या महिन्याच्या बिलात आमच्याकडे एक टँकरसुद्धा येत नाही." मला ते खरे वाटले नाही. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला.

पाच माणसांचे कुटुंब माणशी दररोज १३५ लिटर पाणी वापरते असे धरू. आपल्या देशात शहरी पाणीपुरवठ्यासाठी हेच प्रमाण मानले जाते. तेव्हा महिन्याला साधारण २० हजार लिटर पाणी लागेल. २०१४ च्या दराने पहिल्या ८ हजार लिटरचे ५६ रुपये आणि उरलेल्या १२ हजार लिटरचे १३२ रुपये, असे एकूण १८८ रुपये झाले. सांडपाण्याचा आणि मीटरचा आकार निराळा. २०२५ च्या वाढीने यात साधारण ६० रुपयांची भर पडली. आता टँकरचा हिशेब पाहा. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाई तीव्र झाली तेव्हा जिल्हा प्रशासनाने खाजगी टँकरचे कमाल दर ठरवून दिले. पाच किलोमीटरच्या आतील ६ हजार लिटरच्या टँकरला ६०० रुपये असा तो दर होता. टंचाईचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून ठरवलेला हा नियंत्रित भाव. तरीही तो हजार लिटरला १०० रुपये पडतो. त्या भावाने २० हजार लिटरचे २ हजार रुपये होतात. जे पाणी मला अडीचशे रुपयांच्या आत मिळते, त्याच पाण्यासाठी माझ्याहून गरीब असलेल्या बाईंना आठ-नऊ पट पैसे मोजावे लागतील. अर्थात त्या ते मोजत नाहीत, कारण त्यांना ते परवडत नाही. त्या कमी पाण्यात भागवतात.

त्या दिवसापासून दरवाढीविषयी तक्रार करताना माझी जीभ अडखळू लागली. पाणी स्वस्त ठेवावे, कारण गरिबांना ते परवडले पाहिजे, असे आपण म्हणतो. परंतु नळाचे पाणी अतिस्वस्त ठेवल्याचा लाभ ज्याच्या घरी नळ आहे त्यालाच होतो. ज्याच्या वस्तीपर्यंत नळ पोहोचलेलाच नाही, तो बाजारभावाने पाणी घेतो. आणि नळ पोहोचत नाही याचे एक कारण असे, की अकरा-अकरा वर्षे दर न वाढवणाऱ्या संस्थेजवळ नवी नळयोजना करण्यासाठी स्वतःचा पैसा उरत नाही. म्हणून योग्य दर हा गरिबांचा शत्रू नाही. अट एवढीच, की त्यातून आलेला पैसा नळ नसलेल्या वस्तीपर्यंत नळ नेण्यासाठी खर्च झाला पाहिजे.

तथापि केवळ दर चढते ठेवून भागत नाही. दराचा परिणाम व्हायचा तर आपण किती पाणी वापरतो हे ज्याचे त्याला कळले पाहिजे. अनेक मोठ्या गृहसंकुलांत सगळ्या इमारतीला मिळून एकच मीटर असतो आणि बिल सर्व सदनिकांत सारखे वाटले जाते. तेथे एका घरी नळ गळत असला तरी त्याचा भार सर्वांवर पडतो; गळती दुरुस्त करणाऱ्याच्या पदरात मात्र काही पडत नाही. उलट जुन्या वस्त्यांतून एका मीटरमागे तीन-चार बिऱ्हाडे असतील आणि बिल एकाच घराचे समजून केले गेले, तर प्रत्येकाने काटकसर करूनही एकूण वापर वरच्या टप्प्यात जातो आणि गरीब बिऱ्हाडांना चैनीचा दर भरावा लागतो. चढता दर न्याय्य व्हायचा तर त्याचे टप्पे घरातील माणसांकडे पाहून ठरले पाहिजेत. मीटर घराला एक आणि हिशेब माणशी, ही माझी पहिली मागणी आहे. महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूर या लहान गावाने प्रत्येक नळाला मीटर बसवून, चढते दर ठेवून, चोवीस तास पाणी देण्याची व्यवस्था उभारली. लहान गावाला जे साधले ते मोठ्या शहराला अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

शुल्कानंतर नियमांचा विचार करू. मार्च २०२४ मध्ये शहरातील सुमारे चौदा हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या. तेव्हा मंडळाने आदेश काढला, की पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी, बागेसाठी, बांधकामासाठी आणि कारंज्यांसाठी वापरू नये. नियम मोडल्यास ५ हजार रुपये दंड आणि पुन्हा मोडल्यास रोज ५०० रुपये अधिक. त्याच महिन्यात २२ कुटुंबांकडून एक लाख दहा हजार रुपये वसूल झाले. हॉटेले, कार्यालये आणि दुकाने यांना नळाच्या तोंडाशी हवेची जाळी बसवण्याची सक्ती झाली. या जाळीमुळे धार फुगते आणि कमी पाण्यात हात धुऊन होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये उन्हाळ्याच्या आधीच दंडाचा असाच आदेश पुन्हा निघाला.

एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहरात २२ कुटुंबांना दंड झाला. यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण नियमाचे बळ दंडाच्या पावत्या मोजून ठरत नाही. आमच्या रस्त्यावर रोज सकाळी रबरी नळी लावून मोटारी धुतल्या जात. तो आदेश निघाला आणि नळ्यांच्या जागी बादल्या आणि फडकी आली. दंड एकालाही झाला नव्हता. पूर्वी शेजाऱ्याला 'पाणी वाया घालवू नका' म्हणणे म्हणजे उगाच नाक खुपसणे मानले जात असे. नियमाने त्या बोलण्याला आधार दिला. चांगला नियम लोकांच्या मनात आधीच असलेल्या लाजेला वाचा फोडतो. अशा नियमाला पहारेकरी फार लागत नाहीत.

परंतु सगळेच नियम असे काम करीत नाहीत. दुसरे उदाहरण पाऊसपाणी साठवण्याचे. २००९ साली मंडळाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ६० फूट बाय ४० फूट वा त्याहून मोठ्या भूखंडावरील जुन्या घरांना आणि ३० फूट बाय ४० फूट वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या घरांना पाऊसपाणी साठवण्याची किंवा जमिनीत मुरवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. व्यवस्था न करणाऱ्यांच्या बिलात पुढे दंडाचा आकार लावण्यात आला. नियमामागील गणित सुंदर आहे. बेंगळुरूत वर्षाला सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. ६० बाय ४० फुटांच्या भूखंडावर म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर जागेवर वर्षभरात दोन लाखांहून अधिक लिटर पाणी आकाशातून पडते. पाच माणसांच्या कुटुंबाची वर्षाची गरज जवळजवळ तेवढीच आहे. ते सगळे साठवणे शक्य नाही; पण निम्मे जरी साठले वा मुरले तरी कावेरीवरचा भार किती हलका होईल!

असे असूनही हजारो घरांनी ही व्यवस्था केली नाही. ती दर महिन्याला दंड भरत राहिली आणि मंडळाकडे दंडाचे कोट्यवधी रुपये जमा होत राहिले. सांगायला संकोच वाटतो, पण त्या घरांत काही वर्षे आमचेही घर होते. गच्चीवरून नळ्या काढणे, गाळणी बसवणे, अंगणात खड्डा खणणे म्हणजे गवंड्याच्या मागे फिरणे आणि एकरकमी खर्च. त्यापेक्षा महिन्याच्या बिलातली थोडी वाढ सोपी वाटे. काही महिन्यांनी तर तो दंड आहे हेच आम्ही विसरलो. तो बिलातला एक आकडा होऊन बसला.

येथे मला नियम आणि शुल्क यांतला महत्त्वाचा भेद दिसतो. शुल्क ही किंमत असते. ती दिली की वस्तू वापरण्याचा हक्क मिळतो. दंड ही किंमत नव्हे. चूक थांबावी म्हणून तो असतो. पण दंड लहान असला, दर महिन्याला मुकाट्याने घेतला गेला आणि त्यापुढे काहीच घडले नाही, तर दंडाचीही किंमत बनते. मग ज्याला ती परवडते तो खुशाल नियम विकत घेतो. नियम मोडण्याचा परवाना श्रीमंतांना मिळतो आणि दंडाच्या उत्पन्नाची सवय संस्थेला लागते. त्या दोघांच्या सोयीत पाऊस मात्र गटारात वाहून जातो. म्हणून माझी दुसरी मागणी अशी, की पाऊसपाण्याचा दंड वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्यातून ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्या घरी व्यवस्था करून द्यावी. ठरावीक मुदतीनंतरही ज्याने काहीच केले नाही, त्याच्या घरी मंडळाने स्वतः काम करून त्याचा खर्च वसूल करावा. आमच्या घरी अखेर ते काम झाले तेव्हा कळले, की आम्ही ज्याला घाबरलो होतो ते काम काही थोड्या दिवसांचेच होते.

पाण्याला नियम लावणे ही आजच्या काळाने शोधलेली गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने प्रत्येकाच्या शेतात पाणी सोडायचे, अशी ही रीत. पाणी कमी असेल त्या वर्षी पिकाखालचे फड कमी करायचे आणि तूट सर्वांनी वाटून घ्यायची. आपल्या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने असेच केले. तेथे ग्रामसभेत दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. ऊस आणि केळी यांसारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्याला गावाने स्वतःहून बंदी घातली. या दोन्ही उदाहरणांत नियम कडक आहेत, तरीही ते टिकले. ताळेबंद सर्वांसमोर मांडला गेला आणि नियम करणाऱ्यांवरच तो लागू झाला, हे त्याचे कारण होय.

शहराच्या मंडळाला ही गोष्ट शिकावी लागेल. नागरिकाने गाडी धुतली तर त्याला पाच हजार रुपये दंड. मग रस्त्याखालची फुटलेली वाहिनी दिवसेंदिवस वाहत राहिली तर तो दंड कोणाला? बेंगळुरूत शुद्ध करून शहरात आणलेल्या पाण्याचा साधारण चौथा हिस्सा गळती, चोरी आणि बिघडलेले मीटर यांमुळे हिशेबात येत नाही. पाचशे मीटर चढवून आणलेले हे पाणी आहे! ज्या संस्थेच्या स्वतःच्या घागरीला छिद्र आहे, तिचा उपदेश लोक कानाआड करतात. म्हणून माझी तिसरी मागणी अशी, की किती पाणी आणले, किती पोहोचवले, किती गळाले, दंड किती जमला आणि तो कोठे खर्च झाला, याचा ताळेबंद मंडळाने दर वर्षी प्रभागवार लोकांसमोर ठेवावा. चामराजपेटच्या नागरिकाला चामराजपेटची गळती कळली, तर तो आपल्या घरातल्या गळक्या नळाकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

काही विचारवंत म्हणतात, की नियम आणि दंड यांनी माणसे बदलत नाहीत. बदल संस्कारांनीच होतो. संस्कारांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराचे उदाहरण विसरता येणार नाही. सलग तीन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१८ साली तेथील नळ बंद करण्याची वेळ जवळ येऊन ठेपली होती. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दररोज केवळ ५० लिटर अशी मर्यादा घातली गेली आणि जास्त वापराचे दर कमालीचे वाढवले गेले. धरणांत किती पाणी उरले याचे आकडेही नागरिकांना सतत सांगितले जात होते. लोकांनी वापर खाली आणला आणि पाऊस येईपर्यंत शहर तगले. नियम, दर आणि माहिती ही तिन्ही तेथे एकत्र आली. संस्कार हवेतून येत नाहीत. अनेक दिवस पाळलेल्या नियमाचाच पुढे संस्कार होतो. आणि संकटाची वाट पाहणेही परवडत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे. शेवटच्या घटकेला नियम करायला गेले तर वाटायला पाणीच उरलेले नसते.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्यापैकी अनेक जण कामधंदा सांभाळून, घर चालवून शिकत आहेत. पाण्याचे बिल हे तुमच्यासाठी धड्यातले उदाहरण नाही. ते दर महिन्याला तुमच्या हाती येते, किंवा टँकरवाल्याला मोजून द्यावे लागते. या महिन्याचे बिल आले की त्यावरील रकमेआधी वापरलेल्या लिटरचा आकडा पाहा. त्याला घरातील माणसांनी भागा, मग तीस दिवसांनी भागा. जो आकडा येईल तो १३५ हून फार मोठा असेल तर कारण घरात शोधा. फार लहान असेल तर कारण शहराच्या कारभारात शोधा आणि ते विचारा. पहिले काम नागरिकाचे कर्तव्य आहे आणि दुसरा त्याचा हक्क आहे. आमच्याकडे येणाऱ्या बाईंच्या वस्तीत कावेरीचा नळ पोहोचेल त्या दिवशी माझे बिल आणखी थोडे वाढलेले असेल, तर मी ते तक्रार न करता भरीन. मात्र त्या दिवशी त्यांच्या नळाला मीटर असावा, माझ्याही नळाला असावा, आणि दोघींच्या पाण्याचा हिशेब एकाच वहीत, एकाच मापाने लिहिला जावा, एवढी अपेक्षा मी जरूर ठेवीन.